बुधवारचा बाजार, गंगेकाठ: फाल्गुन-चैत्रातली भाजी आणि तिचा स्वयंपाक

ज्यांना घरी ताकातला चाकवत, सोलाण्याची (सोललेल्या ओल्या हरभऱ्याची) आमटी, ओल्या लसणाची चटणी असलं जुनं काहीतरी करून खायचंय त्यांनी बुधवारी सकाळी सरळ नाशिकच्या गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावरच्या बाजारात जावं, बाकी कुठे शोधत बसू नये, हे आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांचं काम झालं. बाजाराला माझ्याकडून पाचपैकी साडेचार गुण. अर्धा का कापला ते खाली येईलच.

आता सविस्तर. गोदाघाटावरचा बुधवारचा आठवडे बाजार नाशिककरांना काही नवीन नाही, पण इंदिरानगर, पाथर्डी फाटा, कॉलेज रोड या बाजूला राहणारे बरेच जण तिकडे वर्षानुवर्षं फिरकलेलेच नसतात, कारण भाजी आता दारात येते, ऍपवर येते, सोसायटीच्या गेटवर टेम्पो उभा राहतो. रोजच्या कांदे-बटाटे-टोमॅटोसाठी ते ठीक आहे, माझंही काही म्हणणं नाही. पण होळीच्या पुढेमागे जो महिना-दीड महिना असतो ना, म्हणजे थंडीतल्या भाज्या संपत आलेल्या आणि उन्हाळ्यातल्या नुकत्या सुरू झालेल्या, त्या दिवसांत मळ्यात जे काही थोडंथोडं निघतं ते टेम्पोत येत नाही. ते एवढ्या कमी प्रमाणात असतं की व्यापाऱ्याला त्यात रस नसतो. दोन पाट्या चाकवत, टोपलीभर शेवग्याची फुलं, फडक्यात बांधलेले सोलाणे, हे घेऊन कोणीतरी बाई स्वतःच बसते आणि ती बसते ती बुधवारी इथे.

बाजारात गेल्यावर एक गोष्ट लक्षात ठेवा, इथे दोन प्रकारचे विक्रेते असतात. एक मोठे ढीगवाले, ताडपत्री बांधलेले, मोठ्याने भाव ओरडणारे, त्यांचा माल चांगला असतो पण तो मार्केट यार्डातूनच आलेला असतो, म्हणजे तुमच्या कॉर्नरवरच्या भाजीवाल्याकडे आहे तोच, फक्त थोडा स्वस्त. दुसऱ्या म्हणजे कडेकडेला गोणपाट टाकून बसलेल्या मावश्या. मखमलाबाद, मुंगसरे, मातोरी, दरी, गिरणारे, आडगाव असल्या गावांहून पहाटेच्या गाडीने येतात, समोर चार-पाच जिन्नसच मांडलेले असतात आणि जुड्या एकसारख्या नसतात, एक जाड एक बारीक, मुळांना माती तशीच. मी पहिली चक्कर फक्त या मावश्या बघायला मारते, पिशवी उघडतच नाही. कोणाकडे काय आहे ते बघून घ्यायचं आणि मग परत फिरून घ्यायला लागायचं.

ताजेपणाचं एवढं कौतुक का करते ते सांगते. आपल्याकडे बाजार समितीत पालेभाज्यांचे लिलाव संध्याकाळी होतात, शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांचा भाव ठरतो आणि बराच माल रात्रीच मुंबईच्या रस्त्याला लागतो. जो गावात राहतो तो दुसऱ्या दिवशी फिरत फिरत आपल्यापर्यंत येतो. मेथीला ते चालून जातं. पण मटाराला अजिबात नाही, मटाराची शेंग तोडली की काही तासांतच आतल्या साखरेची पिठी व्हायला लागते आणि उन्हात तर अजूनच लवकर, म्हणून आजीच्या मळ्यात उभ्याने सोलून खाल्लेला मटार आणि पाकिटातला मटार यांची चव वेगळी लागते, आपल्या आठवणी गोड असतात म्हणून नाही. एका ऍपवरून मी मध्यंतरी सोललेले मटार मागवले होते, हिरवेगार, दिसायला एकदम सुंदर, आणि तोंडात नुसतं पीठ. उसळीत कितीही गूळ घातला तरी ती गोडी येत नाही. इथे मी शेंग हातात घेऊन मोडून बघते, कट्कन आवाज आला तर घ्यायची, वाकली तर पुढे जायचं, आणि मावशी पण त्याचा राग मानत नाहीत, उलट एखादी शेंग खायलाच देतात.

आता मुख्य मुद्दा, चाकवत. हा एक जिन्नस मिळावा म्हणूनसुद्धा बाजारात जायला माझी ना नाही. आमच्याकडे निफाडला मळ्यात गव्हाच्या कडेने आपोआप उगवायचा, आजी त्याला वेगळा वाफा कधी करायची नाही, आणि थंडी संपेपर्यंत आठवड्यातून एकदा तरी ताकातली पातळ भाजी ठरलेली. शहरात आल्यावर पालकाची करून बघितली, करडईची केली, चांगल्या होतात त्याही, पण चाकवताचा जो किंचित मातकट आणि मऊ स्वाद आहे तो दुसऱ्या कशात नाही. घेताना पानाच्या मागे पांढरी भुकटी दिसली की लोक औषध मारलंय म्हणून जुडी खाली ठेवतात, मी कितीतरी बायकांना तसं करताना पाहिलंय, तर ती औषधाची नसते हो, ती चाकवताच्या पानावर असतेच, कोवळ्या शेंड्याला तर जास्तच. निश्चिंत घ्या, दोन पाण्यांतून धुवा.

करायची कशी ते पण सांगते कारण ही भाजी तरुण मुलींना येत नाही आणि मुलांना तर अजिबात येत नाही आणि दोघांनाही यायला हवी. पानं आणि कोवळे देठ चिरून घ्यायचे. मूठभर हरभरा डाळ आणि तेवढेच शेंगदाणे सकाळीच भिजत टाकलेले असले पाहिजेत. चाकवत आणि हे दोन्ही कुकरला वेगवेगळ्या भांड्यांत लावायचं, डाळ मोडायला नको, फक्त बोटाने चेपली जावी. मग चाकवत रवीने घोटायचा, मिक्सर लावू नका, मिक्सरने त्याची गुळगुळीत पेस्ट होते आणि खाताना काही लागतच नाही. आंबट ताकात दोन चमचे बेसन कालवून ते त्यात ओतायचं आणि मंद गॅसवर सारखं हलवत राहायचं. बेसन असल्यामुळे ताक फुटत नाही, पण मोठ्या गॅसवर सोडून फोनवर बोलायला गेलात तर फुटतंच. मीठ शेवटी, गुळाचा लहानसा खडा, आणि वरून फोडणी. फोडणीत लसूण भरपूर पाहिजे, ठेचलेला, लालसर झालेला, आणि दोन सुक्या मिरच्या. हिंग विसरू नका. फोडणी ओतल्यावर लगेच झाकण ठेवायचं, पाच मिनिटं उघडायचं नाही. सासूबाई हल्ली रात्री जेवत नाहीत, दूध घेऊन झोपतात, पण चाकवत केलाय म्हटलं की वाटी घेऊन स्वतः किचनमध्ये येतात आणि अर्धी भाकरी खातात. मला यातच सगळं मिळतं.

मखमलाबादच्या ज्या मावशींकडून मी घेते त्या मागच्या वेळी म्हणाल्या, "ताई, दोन जुड्या घ्या, पुढच्या बुधवारी मिळंल का नाय सांगता येत नाही, ऊन लागलं की तो फुलावर येतो." आणि खरंच तसं होतं, फाल्गुन सरला की चाकवताला तुरे येतात, पानं बारीक आणि राठ होतात. त्यामुळे होळी-रंगपंचमीच्या आत जाऊन या. रंगपंचमीच्या दिवशी मात्र जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद, उघडलेल्या असतात, त्या दिवशी भाजी वगैरे विसरा, रंगात न्हायचं असेल तरच जा.

सोलाणे. डहाळ्यांच्या, म्हणजे घाट्यांसकट हरभऱ्याच्या ओल्या झाडांच्या, पेंढ्या पण मिळतात आणि सोललेले पण मिळतात, ज्यांना वेळ आहे त्यांनी डहाळे घ्यावेत आणि घरातल्या सगळ्यांना सोलायला बसवावं, टीव्ही बघता बघता होऊन जातं. बोटं आंबट होतात, ती हरभऱ्याची आंब, पानांवरच असते, त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक ऍसिड असतं, पूर्वी पहाटे हरभऱ्यावरून स्वच्छ फडकं फिरवून आणि पिळून ती आंब बाटलीत भरून ठेवायचे, पोट दुखलं की थेंबभर पाण्यातून. हरभऱ्याची कोवळी भाजी धुवू नये असं जुन्या बायका सांगायच्या ते पण यामुळेच, धुतली की आंबटपणा निघून जातो. ही कोवळी भाजी मात्र आता या दिवसांत शोधू नका, ती थंडीच्या सुरुवातीला खुडतात, आता मिळते ती वाळवलेली, आणि तीसुद्धा चांगली लागते, ज्वारीचं पीठ लावून घाटा करायचा, वर कच्चं तेल.

तर सोलाण्याची आमटी. तव्यावर चमचाभर तेलात सोलाणे भाजायचे, त्यांच्यावर काळे ठिपके येईपर्यंत आणि घरभर हुळ्याचा (शेकलेल्या ओल्या हरभऱ्याचा) वास सुटेपर्यंत, इथे घाई करायची नाही, सगळी चव या भाजण्यात आहे. गार झाले की भरड वाटायचे, थोडे अख्खे बाजूला ठेवायचे. कांदा आणि सुकं खोबरं गॅसवर भाजून लसूण-कोथिंबिरीबरोबर वाटलं की वाटण तयार. ते तेल सुटेपर्यंत परतून काळा मसाला, मग भरड, ती पण दोन मिनिटं परतायची आणि उकळतं पाणी घालायचं. गार पाणी घातलंत तर तर्री येत नाही. पातळच ठेवा, ही आमटी बसल्या बसल्या आळते. खानदेशात माझ्या मावशीकडे हिरव्या मिरचीची करतात, बिनमसाल्याची, ती पण सुंदर असते पण मला काळ्या मसाल्याचीच आवडते आणि त्यावर मी वाद घालणार नाही. बरोबर बाजरीची भाकरी, होळीनंतर आमच्याकडे बाजरी उष्ण पडते म्हणून ज्वारीवर येतात, तुम्ही तुमच्या घरचं पाळा. माझी मुलगी पुण्याला असते, तिला मी ही भाजलेली भरड डब्यात भरून फ्रीजरमधली देते, तिथे ती फक्त फोडणी देऊन उकळते, तिच्या रूममेटला आता तेच हवं असतं.

ओला लसूण पातीसकट मिळतो या दिवसांत. जरूर घ्या. पात, हिरव्या मिरच्या, भाजलेले दाणे, मीठ, तव्यावर परतून तिथेच बत्त्याने किंवा वाटीच्या बुडाने रगडायचं, बास. गरम भाकरीवर हा ठेचा आणि कच्चं तेल असेल तर दुसरी भाजी नाही केली तरी चालते.

शेवग्याची फुलं कधी असतात कधी नसतात. असली तर सकाळीच संपतात. घरी आणल्यावर ताटात पसरून झटकायची, मुंग्या असतात. कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून पिळली की कडवटपणा कमी होतो, मग भिजवलेली मूगडाळ आणि भरपूर कांदा, वर ओलं खोबरं असेल तर उत्तमच. हरसूल-पेठकडून येणाऱ्या बायकांकडे ही फुलं जास्त बघितलीत मी, त्यांच्याकडे नागली (नाचणी) पण घ्या, दळून आणलेली नको, अख्खी घ्या आणि आपल्या गिरणीत दळा. भाकरी काळपट होते पण चाकवताबरोबर जी लागते ना!

भरताची वांगी आता शेवटचीच, उचलून बघा, आकाराच्या मानाने हलकं लागलं तर बिया कमी. गिलकी आणि दोडकी सुरू झालीत, दोडक्याच्या शिरा फेकू नका, तीळ घालून चटणी करा. काकडी, दुधी, डांगर हे सगळीकडेच मिळतं त्यासाठी इथवर यायची गरज नाही.

भावाचं म्हणाल तर स्वस्त आहे, पण मी तेवढ्यासाठी जात नाही आणि तुम्हीही तेवढ्यासाठी जाऊ नका. पालेभाजीचा भाव दर आठवड्याला बदलतो, कधी मेथीची जुडी पाच रुपयांना असते, कधी पंचवीसला, आणि पाच रुपयांना असते तेव्हा शेतकऱ्याच्या हातात तोडणावळ, म्हणजे तोडणीची मजुरीसुद्धा उरत नाही हे आपण नाशिककरांनी तरी समजून घ्यायला हवं, रस्त्यावर ओतलेल्या कोथिंबिरीचे आणि टोमॅटोचे फोटो आपल्याच जिल्ह्यातले असतात. म्हणून त्या गोणपाटवाल्या मावश्यांशी मी घासाघीस करत नाही. त्या स्वतः पिकवतात, स्वतः खुडतात, स्वतः विकतात, मधे कोणी नाही, पैसे सरळ त्यांच्या पिशवीत. राज्यात 2016 साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, म्हणजे तो समितीबाहेर थेट विकायची मोकळीक झाली, त्यानंतर शहरात शेतकऱ्यांचे वेगळे आठवडे बाजार पण निघाले, चांगलंच झालं, तुमच्या भागात भरत असेल तर तिथेही जा. पण जुनी वाणं आणि विसरलेल्या पालेभाज्या मला गंगेवरच जास्त सापडल्यात.

आता तो कापलेला अर्धा. गाडी लावायला जागा मिळणं कठीण, टू व्हीलर असली तरी लांब लावून चालावं लागतं, चारचाकी तर आणूच नका, रिक्षाने या किंवा बसने रविवार कारंजा-पंचवटीकडे उतरून चालत या. अकरानंतर घाटाचा दगड तापतो आणि पालेभाज्या माना टाकतात, मावश्या ओलं गोणपाट टाकत राहतात तरी. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना पायऱ्या आणि चढउतार त्रासाचे आहेत, मी सासूबाईंना आणत नाही. 2027 चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे त्यामुळे कामांसाठी कुठली वाट बंद आणि बाजाराची रांग कुठे सरकलेली हे त्या त्या आठवड्याला विचारून घ्या. पावसाळ्यात पाणी वाढलं की तर प्रश्नच मिटला, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाला पाणी लागलंय असं कळलं की पिशवी घरीच ठेवायची. सुट्टे पैसे बरोबर असू द्या, क्यूआर कोड बऱ्याच जणांकडे आहे पण फोन मुलाचा असतो आणि मुलगा चहाला गेलेला असतो, मग मावशींना पैसे आले की नाही कळत नाही आणि त्यांचा जीव लागून राहतो. कापडी पिशव्या दोन तरी न्या, एक पालेभाजीला वेगळी, चुका-चाकवत खाली आणि वर दुधी असं केलंत तर घरी लगदा येईल. आणि तिथे गंगेच्या काठावर प्लास्टिक टाकू नका, भाजीची पानंसुद्धा टाकू नका, तेवढं आपल्या हातात आहे.

चुक्यावरून आठवलं, चुका स्टीलच्याच भांड्यात शिजवा, फार आंबट असतो, ऍल्युमिनियममध्ये किंवा बिनकल्हईच्या पितळेत नको. तुरीच्या वरणात मूठभर चुका आणि वरून मिरचीची फोडणी, भाताबरोबर, उन्हाळ्यात दुपारी याच्याइतकं हलकं जेवण नाही.

पाडव्यानंतर बाजाराचा रंगच बदलतो. चाकवत-सोलाणे गेले, गावठी कैऱ्या आल्या. कामदा एकादशीला रामाचा रथ निघतो त्या दिवशी पंचवटीत पाय ठेवायला जागा नसते, दर्शनाला जा, भाजीला नको. एरवी चैत्रभर माझी ठरलेली खरेदी म्हणजे आंबट कैऱ्या, कोवळ्या काकड्या, पुदिना आणि नवा कांदा. कैरी-कांद्याचं टक्कू करा, किसलेली कैरी, किसलेला कांदा, गूळ, तिखट, मीठ, वरून मेथीदाण्याची फोडणी, दोन दिवस फ्रीजमध्ये छान राहतं. आंबेडाळीला डाळ चार तास भिजवून भरडच वाटायची, बारीक केली तर चिकट होते, आणि कैरी आंबटच हवी, तोतापुरी अजिबात घालू नका. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बाहेरून डाळ मागवायची पद्धत पडत चाललीये, ती डाळ वाईट असते असं नाही, पण घरी वाटलेल्या डाळीला फोडणीचा जो ताजा वास असतो तो डब्यात येत नाही.

नवा उन्हाळ कांदा साठवायला घ्यायचा असेल तर थोडं थांबा, पाडव्याच्या सुमारास जो येतो तो ओलसर असतो, एप्रिलच्या शेवटाकडे पात पूर्ण वाळलेला, मान बारीक झालेला बघून घ्या आणि गोणीत कोंडून न ठेवता पसरून ठेवा, तो पावसाळाभर टिकतो. लाल कांदा साठवायला घेऊ नका, तो टिकत नाही. या बुधवारी जाणार असाल तर नऊच्या आत पोचा, आधी चाकवत आणि फुलं घ्या, सोलाणे मग, वांगी-गिलकी शेवटी.